सिंडी लॉपरचा ‘मेम्फिस ब्लूज’: चढा आवाज आहे तसाच

जून २०१० मध्ये हा अल्बम आला तेव्हा अमेरिकन पॉप गायिका सिंडी लॉपर सत्तावन्न वर्षांच्या. या वयात पॉप गाणारी बाई ब्लूजकडे, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संगीताकडे, वळली की लोक समजतात, गळा थकला, म्हणून संथ गाणी घेतली. पहिलंच गाणं, ‘जस्ट युअर फूल’, लावा आणि बघा. १९८३ च्या पहिल्या अल्बममधली चार गाणी अमेरिकेत पहिल्या पाचांत नेणारा तोच आवाज आहे: पातळ, टोकदार, वर गेला की कडेला जरासा फाटणारा. खर्जात घोगरं गाऊन ब्लूजवाली असल्याचं सोंग त्यांनी कुठंही आणलेलं नाही.

मी सोलापुरात बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात गायले. गणपती, नवरात्र, मंडळांचे कार्यक्रम. सगळं ओरिजिनल पट्टीत. पंचेचाळिशी ओलांडली की स्टेजवरचे लोकच सांगू लागतात, ‘ताई, दोन पट्ट्या खाली घ्या.’ आता जुळे सोलापुरात सुगम संगीताचा क्लास घेते. त्यामुळे कुठल्याही गायिकेचं उतारवयातलं गाणं ऐकताना माझा कान आधी पट्टीकडे जातो, मग शब्दांकडे.

अकरा गाणी, सगळी जुनी, दुसऱ्यांची. रेकॉर्डिंग अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातच, तिथल्या मुरलेल्या वादकांना घेऊन. गिटारवर स्किप पिट्स आहेत. आयझॅक हेजनं ‘शाफ्ट’ सिनेमासाठी केलेल्या गाण्यातली ती वाव-वाव करणारी गिटार यांचीच. ब्लूजमध्ये बहुतेक वेळा एक ओळ दोनदा येते आणि तिसरी तिला उत्तर देते. मधल्या मोकळ्या जागेत कोण काय वाजवतो, यावर गाणं तरतं किंवा बुडतं. चार्ली मसलव्हाइट यांचा माउथ ऑर्गन तिथं शाहिरामागच्या झीलकऱ्यासारखा उभा राहतो, गायिकेचा शब्द संपायच्या आत उचलून धरतो. लॉपर त्यांना जागा देतात. नावाजलेली गायिका मध्येच गप्प राहते, हे मला फार मोठं वाटलं.

‘अर्ली इन द मॉर्निन’मध्ये ब्लूजचे थोर गायक-गिटारवादक बी. बी. किंग आहेत, तेव्हा चौऱ्याऐंशीचे, आणि पियानोवर न्यू ऑर्लिन्सचे अ‍ॅलन टूसेंट. किंग म्हणजे मिसिसिपीच्या रानात कापूस वेचत वाढलेला माणूस. माझे वडील गिरणीत साच्यावर होते, घरात कापसाचे तंतू यायचे. त्यामुळे किंग यांच्याबद्दल मला जरा जास्तच माया आहे, हे लपवत नाही. पण माया बाजूला ठेवली तरी त्यांचा एकेक सूर मोजून, वजनानं पडतो. लॉपर त्यांच्यापुढे लाडात येत नाहीत, दबतही नाहीत. दोघं खेळीमेळीनं गातात.

अ‍ॅन पीबल्स यांच्याबरोबरचं ‘रोलिन अँड टम्बलिन’ मी क्लासमध्ये पुन्हा पुन्हा लावते. मेम्फिसच्या या गायिकेनं २०१२ मध्ये पक्षाघातानंतर गाणं सोडलं. इथं दोन पिकलेले आवाज एकाच ठेक्यावर घासतात, त्यात कुणी कुणाला झाकत नाही.

सगळंच तितकं चांगलं नाही. ‘हाऊ ब्लू कॅन यू गेट’ आणि शेवटचं ‘क्रॉसरोड्स’, दोन्हींत जॉनी लँगची गिटार. वाजवतो तयारीनं, पण इतकं भरून वाजवतो की श्वास घ्यायला फट उरत नाही. ‘क्रॉसरोड्स’ मी सोडून देते.

या अल्बमला पारंपरिक ब्लूजच्या ग्रॅमीसाठी नामांकन मिळालं होतं. पुरस्कार ब्लूजमधले जुने वादक पाइनटॉप पर्किन्स आणि विली ‘बिग आइज’ स्मिथ यांना गेला. पर्किन्स तेव्हा सत्त्याण्णव वर्षांचे होते! त्या घराण्यात लॉपर म्हणजे लहान मूलच.

वेळ कमी असेल तर नववं गाणं ऐका, ‘डाउन सो लो’. सुरुवात अगदी आत ओढलेली, मग आवाज पायरी पायरीनं चढतो आणि वर पोचल्यावर तो फाटतो तिथंच त्या थांबून राहतात, मुरकी घेऊन झाकत नाहीत. क्लासला येणाऱ्या पन्नाशीतल्या बायका ‘मॅडम, आता वरचं जमत नाही’ म्हणाल्या की मी हार्मोनियम बंद करून आधी हे गाणं ऐकवते. पट्टी उतरवायची का, ते नंतर ठरवतो.