नागपूरच्या महाल भागातला जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके, पाहून आलो, घ्यावा का?

गांधी गेटच्या आतल्या गल्लीत दुसऱ्या माळ्यावर आहे फ्लॅट, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. लोकेशनला तर तोडच नाही भाऊ, बडकस चौक पायी, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तर पाहुण्यांनी घर भरूनच जाईल.

भिंती हे जाड, लोडबेअरिंगच्या म्हणजे छताचा भार पेलणाऱ्या, छताला सागवानी फाटे, त्यामुळे भर मेमध्ये ४५ डिग्रीतही आत नव्या स्लॅबच्या फ्लॅटसारखी भट्टी होणार नाही असं वाटलं, पण कूलर लावाचा कुठं हा प्रश्नच आहे नं, खिडकी एकच गल्लीकडं आणि बाहेर वायरींचं जंजाळ, पाठीमागची हवा बंद. दमट खोलीत कूलर म्हणजे नुसता चिकचिकाट. किचन ठीक. बाथरूम नंतर काढलंय, ओल सरळ बेडरूमच्या भिंतीत उतरलीय आणि वरून ताजा पेंट मारून ठेवलाय, हात लावला की कळते.

लिफ्ट नाही, पार्किंगचं तर नावच काढू नका.

एजंट म्हणे "हेरिटेज लूक आहे साहेब". अरे बाप्पा, पण आखीव पत्रिकेवर (मालकीच्या सरकारी नोंदीवर) नाव कोणाचं ते दाखव नं आधी! वारस चार-पाच निघाले तर सगळ्यांच्या सह्या लागतील, वाटणी झाली नसेल तर बँक लोनला हात लावणार नाही. बायकोच्या एकटीच्या नावानं घेतला तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का वाचते, तेवढंच. सांगितलेली किंमत मले जास्तच वाटली, स्ट्रक्चरल ऑडिट (बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी) झाल्याबिगर टोकन देणार नाही.