तांबड्या पेशी काढायच्या कशा: अमोनियम क्लोराइड, फिक्सेटिव्ह लायसिस की फायकॉल?

रक्तात एका पांढऱ्या पेशीमागे पाचशे ते हजार तांबड्या पेशी असतात. त्या काढल्याशिवाय फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून लेझरसमोरून नेऊन मोजणारं यंत्र) पांढऱ्या पेशी नीट दिसायच्या नाहीत. पद्धत निवडताना मी दोनच प्रश्न विचारते: पेशी जिवंत हव्यात का, आणि मोजायच्या आहेत त्या नेमक्या कोणत्या?

जिवंत हव्या असतील तर अमोनियम क्लोराइड. अमोनिया तांबड्या पेशीत शिरतो, तिच्या आवरणातली क्लोराइड-बायकार्बोनेटची अदलाबदल वेग घेते, आत क्षार साठतात, मागोमाग पाणी येतं आणि पेशी फुटते. पांढऱ्या पेशीत ही अदलाबदल इतकी जोरात चालत नाही, म्हणून ती तगते. पण किती वेळ? साधारण १० मिनिटं, जास्तीत जास्त १५. त्यापुढे तिलाही इजा होते. घड्याळासोबत ट्यूबकडेही बघा: गढूळ लाल द्राव एकदम पारदर्शक होतो, मागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येतात. तो क्षण आला की थेट सेंट्रिफ्यूज.

फिक्सेटिव्ह लायसिसमध्ये, म्हणजे फॉर्मल्डिहाइड असलेल्या लायसिंग (पेशी फोडणाऱ्या) द्रावणात, तांबड्या पेशी फुटतात आणि पांढऱ्या त्याच वेळी फिक्स होतात, म्हणजे मरतात पण आहे त्या रूपात टिकून राहतात. नमुने बरेच असतील, मशीन उशिरा मिळणार असेल, तर हेच सोयीचं. मात्र मृत पेशी ओळखायच्या असतील तर फिक्स झाल्यावरही टिकणारा व्हायेबिलिटी डाय (जिवंत-मृत ओळखण्याचा रंग) आधीच लावायला हवा. एपीसी-साय७ सारखे टँडेम डायही (दोन चमकणारे रंग जोडून केलेले) फिक्सेटिव्हमध्ये फार वेळ ठेवू नयेत.

फायकॉल (रक्त ज्यावर ओतून सेंट्रिफ्यूज केलं की पेशी घनतेनुसार वेगळ्या होतात ते द्रावण; घनता १.०७७ ग्रॅम/मिली) मला फक्त लिम्फोसाइट आणि मोनोसाइट कल्चर किंवा गोठवणीसाठी हवे असतात तेव्हाच पटतं. न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) तांबड्या पेशींबरोबर तळाशी जातात. त्यांचा अभ्यास असेल तर फायकॉलचा विषयच संपला.

सीडी४ (मदतनीस टी पेशींवरची खूण) असलेल्या पेशींसारखी निव्वळ संख्या हवी असेल तर लायसिसनंतर धुऊ नका. प्रत्येक धुण्यात पेशी जातात. मोजणीचे बीड्स (संख्या माहीत असलेले बारीक मणी) घालून तसंच चालवा. कॅपा-लॅम्डा (बी पेशींवरच्या इम्युनोग्लोब्युलिनच्या हलक्या साखळ्यांचे दोन प्रकार) बघताना उलटं: अँटिबॉडीने स्टेन करण्याआधीच रक्त धुवा, नाहीतर प्लाझ्मातली इम्युनोग्लोब्युलिनं अँटिबॉडी गिळून टाकतात.

नवजात बाळाचं किंवा थॅलसेमियाचं रक्त कधीकधी लायसिसला दाद देत नाही. तेव्हा वेळ वाढवू नका. सेंट्रिफ्यूज करून ताज्या लायसिंग द्रावणात पुन्हा एकदा लायसिस करा. केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी तरीही उरतील, त्या सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण) च्या गेटिंगमध्ये, म्हणजे हव्या त्या पेशी निवडताना, वगळा.