शेरूचं मुसकं, चार महिन्यांनंतर

जुलैत आमच्या शेरूने गेटवर दूधवाल्याची पँट धरली, तेव्हा मुसकं घ्यायचं ठरलं. आई म्हणाली, "मळणीचा बैल आहे का तो?"

आधी दोनशेचं कापडी आणलं. दुकानदार म्हणे, दिवसभर ठेवा, काही होत नाही. कसलं काय! कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो आणि या पट्टीत तोंडच उघडत नाही. मुंबईच्या दमट हवेत दहा मिनिटांत शेरू कासावीस. फेकून दिलं.

आता साडेआठशेची रबरी जाळी आहे. जीभ पूर्ण बाहेर येते, पाणी पिता येतं, चिकनचा तुकडाही जाळीतून भरवता येतो. सवय लागायला दोन आठवडे गेले. रोज आत बोटभर दही लावायचो, मग स्वतःच नाक घालायला लागला. कानामागचा पट्टा मात्र भिकार. शिवाजी पार्कच्या दुसऱ्या फेरीला सैल होतो, बकल पावसात गंजलं. मोच्याकडून नवं बसवून घेतलं.

काल कट्ट्यावरच्या आजोबांनी विचारलं, "चावतो का हो?"

म्हटलं, "म्हणूनच तर घातलंय, काका."

पाचपैकी साडेतीन.