हेल्मेटच्या अस्तराखाली काय निघाले

बेळगावच्या उद्यमबागेत माझे मोटार दुरुस्तीचे वर्कशॉप आहे आणि गेली काही वर्षे मी वर्षातून दोनदा आपल्या भागातील तरुणांना ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवण्यासाठी कोइंबतूरला घेऊन जातो. निपाणी, खानापूर, चंदगड, शहापूर अशा ठिकाणची ही मुले घरचीच गाडी घेऊन येतात, शेजारच्या सीटवर मी किंवा माझा सहकारी बसतो, आणि ब्रेक कुठे लावायचा, वळणात नजर कुठे ठेवायची हे चालत्या गाडीत सांगतो. गेल्या वर्षी अशाच एका तुकडीसाठी मी आठ हेल्मेट, हार्नेसचे, म्हणजे छाती-कमर सीटला घट्ट बांधणाऱ्या पट्ट्यांचे, दोन संच आणि तीन अग्निरोधक सूट एकदम विकत घेतले. त्या खरेदीत माझे १ लाख ८७ हजार रुपये बुडाले. पैशाचे दुःख आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ते बनावट साहित्य मी माझ्या शब्दावर दुसऱ्यांच्या मुलांच्या डोक्यावर चढवणार होतो. आपल्याकडे या छंदात नव्याने येणाऱ्यांची संख्या वाढते आहे, आणि विकणारा अजून मोकळाच आहे, म्हणून झालेला प्रकार क्रमाने सांगतो.

विक्रेत्याचा क्रमांक मला गाड्यांची आवड असलेल्या एका परिचिताकडून मिळाला. त्या परिचिताने स्वतः त्याच्याकडून काही घेतलेले नव्हते, हे मी तेव्हा विचारले नाही. पलीकडचा माणूस अतिशय नम्र होता, स्वच्छ मराठीत बोलत होता, आपण पुण्याचे असून परदेशातून माल आणवतो, एका संघाने ऐनवेळी ऑर्डर रद्द केल्यामुळे एसए २०२० या, मोटार शर्यतीच्या हेल्मेटसाठीच्या, प्रमाणाची हेल्मेट पडून आहेत, असे त्याने सांगितले. सीमाभागात राहणाऱ्या आपल्या माणसाला पुण्यामुंबईकडून आलेला आपुलकीचा मराठी शब्द फार लवकर घरचा वाटतो. मलाही तो तसाच वाटला. इतर ठिकाणी ज्या हेल्मेटची किंमत मला ३० हजारांच्या वर सांगितली गेली होती, ते तो १५,५०० रुपयांना देत होता. हार्नेसचा संच १२ हजारांना आणि सूट १३ हजारांना ठरला. निम्मी रक्कम आगाऊ आणि निम्मी बिल्टी हातात पडल्यावर, असा व्यवहार झाला. दोन्ही वेळचे पैसे त्याने दुकानाच्या खात्यावर न घेता एका व्यक्तीच्या नावावरील खात्यात मागवले, आणि चालू खात्याची मर्यादा संपली आहे हे त्याचे कारण मी मान्य केले.

हे साहित्य साध्या रस्त्यावरच्या साहित्यापेक्षा वेगळे का असते, हे समजल्याशिवाय पुढचे गांभीर्य कळणार नाही. दुचाकीच्या हेल्मेटवर आपल्याकडे आयएसआय चिन्ह लागते आणि जून २०२१ पासून त्या चिन्हाशिवाय दुचाकीचे हेल्मेट विकताच येत नाही. ते रस्त्यासाठी योग्यच आहे. परंतु मोटारीत आग लागू शकते, आणि गाडी उलटली तर डोके रोलकेजच्या, म्हणजे छत खचू नये म्हणून गाडीत बसवलेल्या लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याच्या, एकाच नळीवर पुन्हा पुन्हा आदळू शकते. अमेरिकेतील स्नेल फाउंडेशन, जे १९५७ पासून हेल्मेट तपासण्याचे काम करते, ते मोटारींच्या शर्यतीसाठी एसए आणि दुचाकीसाठी एम अशी दोन वेगळी प्रमाणे ठेवते. एसए प्रमाणात अस्तर आगीला टिकते का आणि कवच रोलकेजसारख्या आघाताला पुरते का, हे पाहिले जाते. एम प्रमाणात या दोन्ही चाचण्या नसतात. शिवाय एसए २०१५ पासून पुढच्या हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना मान सांभाळणाऱ्या उपकरणासाठी एम ६ मापाचा स्क्रू बसेल अशा आट्यांची जागा असावीच लागते. हार्नेसने छाती सीटला घट्ट बांधली गेली की अपघातात थांबते ते फक्त धड, डोके हेल्मेटच्या वजनासकट पुढे जातच राहते आणि सगळा ताण कवटीच्या बुडाशी येतो. हे डोके मागे धरून ठेवणारे हान्स नावाचे उपकरण फॉर्म्युला वनमध्ये २००३ पासून सक्तीचे आहे.

आणि शेजारी बसणाऱ्या प्रशिक्षकाचा विचार करा. त्याच्या हातात स्टिअरिंग नसते, पायाखाली ब्रेक नसतो, समोर येणाऱ्या भिंतीला तो फक्त शब्दाने उत्तर देऊ शकतो. म्हणून जाणत्या लोकांनी घालून दिलेला नियम असा आहे की विद्यार्थ्याला ज्या दर्जाचे पट्टे आणि सीट असेल त्याच दर्जाचे प्रशिक्षकालाही असले पाहिजे. त्याच नियमासाठी मी दोन संच घेतले होते.

माल ट्रान्सपोर्टने आला, खोके उघडले, आणि खरे सांगायचे तर पाहून मन भरले. काळ्या कार्बनची नक्षी, चकचकीत काच, आत लाल अस्तर, हनुवटीखाली दोन कड्यांचे बकल. मी हेल्मेट डोक्यावर चढवून पाहिले, काच वर-खाली केली, पट्टा ओढून पाहिला आणि उरलेली रक्कम त्याच संध्याकाळी पाठवली. जे अस्तर उचलून पाहायला हवे होते ते मी उचलले नाही. त्याबद्दल मी आजही स्वतःला दोष देतो.

पहिली शंका माझ्या सहकाऱ्याला आली. ट्रॅकवर जायला दहा-बारा दिवस उरले असताना तो मानेच्या उपकरणाचे खुंट हेल्मेटला बसवायला लागला आणि स्क्रू फिरतच राहिला. बाजूचे प्लॅस्टिकचे झाकण काढून टॉर्चने पाहिले तर आत नट नव्हताच. कवचाला नुसता खळगा पाडून त्यावर टोपी बसवली होती. मी विक्रेत्याला फोन केला. त्याने हे मॉडेल वेगळे असल्याचे सांगून, हवे तर आपल्याकडच्या कुणाकडून भोक पाडून घ्या, असा सल्ला दिला. हेल्मेटच्या कवचाला स्वतः भोक पाडले की त्या प्रमाणपत्राला काही अर्थ उरत नाही, हे हेल्मेट विकणाऱ्याला माहीत नसावे, हेच मला खटकले.

त्या रात्री आम्ही दोघांनी आठही हेल्मेटचे अस्तर सोडवले. स्नेलचे स्टिकर बहुधा आत, अस्तराखाली असते आणि त्यावर प्रत्येक हेल्मेटचा वेगळा क्रमांक असतो. आमच्या आठही हेल्मेटवर स्टिकर होते, आणि आठही स्टिकरवर एकच क्रमांक होता. ओल्या बोटाने घासल्यावर शाई बोटाला लागली.

हार्नेस आणि सूट तरी खरे असतील, अशी आशा होती. दुसऱ्या दिवशी मी ते घेऊन वडगावातल्या माझ्या ओळखीच्या विणकर काकांकडे गेलो. त्यांचे सगळे आयुष्य मागावर गेले आहे आणि सुताच्या बाबतीत त्यांच्या नजरेइतका भरवसा मी कोणत्याही कागदावर ठेवणार नाही. सुटाच्या बाहीच्या आतली शिवण त्यांनी सुईने उसवली, एक सूत ओढून काढले आणि काडीच्या ज्योतीवर धरले. सूत आक्रसले, ठिबकले आणि टोकाला काळी, कडक गोळी तयार झाली. "हे पॉलिस्टर आहे बघा. रेशीम म्हणून नकली सूत खपवायला येणाऱ्यांना आम्ही असंच धरतो," असे म्हणत त्यांनी ती गोळी नखाने टिचकावून दाखवली. माझ्या जुन्या, खऱ्या नोमेक्सच्या (आगीला टिकणाऱ्या कापडाच्या) हातमोज्याचे सूत त्याच ज्योतीवर धरले तेव्हा ते काळवंडले, पण वितळले नाही. आगीत हा फरक कातडीवर उतरतो. वितळलेले कापड अंगाला चिकटते आणि त्याची उष्णता आतच उतरत राहते. त्या सुटाच्या गळपट्टीवर मात्र एफआयए ८८५६-२०१८ हा, मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या (एफआयए) प्रमाणाचा आकडा सुबक भरतकामात काढलेला होता.

पट्ट्यांचे सत्य त्यांनीच उलगडले. एफआयए ८८५३-२०१६ असे लिहिलेली आणि पुढची काही वर्षे वापर ग्राह्य असल्याचे दाखवणारी जी चिठ्ठी पट्ट्यावर शिवलेली होती, तिच्या कडेने त्यांनी भिंग फिरवले आणि मला जुन्या टाक्यांची भोके दाखवली. आधीची चिठ्ठी काढून दुसरी लावली होती. मग मी बकल सरकवून त्याच्याखाली झाकलेला पट्टा पाहिला. तेथे रंग गडद निळा होता आणि बाहेर तोच रंग उन्हाने फिका पडलेला होता. म्हणजे कुणाच्या तरी गाडीत वर्षानुवर्षे उन्हात पडलेले पट्टे मला नवे म्हणून विकले गेले होते. ऊन पट्ट्याच्या धाग्याची ताकद खाते, म्हणूनच एफआयएच्या पट्ट्यांवर अमुक वर्षानंतर ग्राह्य नाही असे छापलेले असते आणि एसएफआय या अमेरिकी संस्थेच्या १६.१ प्रमाणाचे पट्टे तर बनवल्यापासून दोन वर्षांतच बदलावे लागतात.

एक हेल्मेट मी वर्कशॉपमध्ये करवतीने मधोमध कापले. कार्बनची नक्षी म्हणजे साध्या प्लॅस्टिकवर चिकटवलेली फिल्म होती, ती काठावरून सालासारखी निघाली. आतला थर्मोकोल अंगठ्याने दाबला तर खोल दबला आणि त्याचे मणी हातात आले, जसे नव्या टीव्हीच्या खोक्यातल्या थर्मोकोलचे येतात. डोके आदळल्यावर आघात स्वतः चुरगळून शोषून घेणे हे या थराचे एकमेव काम असते. कानाच्या वरच्या बाजूला कवच आणि थर यांच्यात बोट जाईल एवढी फट होती.

या सगळ्यानंतर बिल तपासले, जे खरे तर आधी करायचे होते. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर टाकल्यावर तो तयार कपड्यांच्या एका व्यापाऱ्याचा निघाला, आणि त्या व्यापाऱ्याला या प्रकरणाची कल्पनाही नसावी. विक्रेत्याचा फोन त्याच दिवसापासून बंद आहे.

पैसे पाठवून तोवर तीन आठवडे उलटले होते. ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे आणि तेथे जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम खात्यातच गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. मी कळवले तेव्हा ते खाते रिकामे झाले होते. पोलीस ठाण्यात फिर्याद कन्नडमध्ये लिहिली गेली. ती मी शब्दशः वाचून घेतली, रकमा आणि तारखा ताडून पाहिल्या आणि मगच सही केली. ज्यांना कन्नड वाचता येत नाही त्यांनी वाचता येणाऱ्या घरच्या माणसाला सोबत न्यावे, कारण पुढे सगळे त्या कागदावरच चालते. ग्राहक आयोगाकडेही मी तक्रार केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ती आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. सल्ला हवा असल्यास १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

आता मी खरेदी करताना काय करतो ते सांगतो. पैसे देण्याआधी अस्तर उचलून स्टिकरचा आणि त्यावरील क्रमांकाचा फोटो मागवतो, एकाहून अधिक हेल्मेट असतील तर प्रत्येकाचा वेगळा. ते मॉडेल स्नेलच्या किंवा एफआयएच्या प्रसिद्ध यादीत आहे का, हे स्वतः पाहतो. यादीत नसेल तर पुढे बोलत नाही. मानेच्या उपकरणाचा खुंट सोबत नेऊन समोरच आट्यांत बसवून पाहतो. पट्टे घेताना बकल सरकवून झाकलेला रंग पाहतो. आणि कुणीही आपले वापरलेले हेल्मेट प्रेमाने देऊ केले तरी घेत नाही, कारण ते एकदा जोरात आदळलेले असले तरी बाहेरून कळत नाही. सगळ्यात महत्त्वाचे, रोलकेज नसलेल्या घरच्या गाडीत कुणी हौसेने चार टोकांचे हार्नेस लावून देतो म्हणाला, तर मी मुलांना स्पष्ट नाही सांगतो. गाडी उलटून छत खचले तर घट्ट बांधलेल्या माणसाला झुकायला जागा राहत नाही, आणि पायांमधला पट्टा नसल्यामुळे शरीर कमरपट्ट्याखालून घसरते. अशा गाडीत कंपनीने दिलेला साधा तीन टोकांचा पट्टाच बरा.

ती फेरी आम्ही रद्द केली. मुलांनी भरलेले पैसे मी महिनाभरात परत केले. त्यातल्या खानापूरच्या एका मुलाचे वडील स्वतः वर्कशॉपवर आले होते, आणि कापलेले हेल्मेट हातात घेऊन, अंगठ्याने तो थर्मोकोल दाबून पाहत बराच वेळ काही न बोलता उभे राहिले. त्यांना काय सांगावे ते मला सुचले नाही.

दोन हेल्मेट, सूट आणि पट्टे पुराव्यासाठी सील करून ठेवले आहेत. कापलेले हेल्मेट टेबलावरच आहे, नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ते हातात देतो. उरलेल्या पाच हेल्मेटच्या कवचांना ड्रिलने आरपार भोके पाडली आणि हनुवटीचे पट्टे मुळापासून कापले, म्हणजे भंगारातूनही ती कुणाच्या डोक्यावर जाणार नाहीत.