‘दोस्त की गाड़ी बोल देना’: लडाखसाठी इंदूरहून घेतलेली भाड्याची बाइक

पांढऱ्या नंबरप्लेटची बाइक भाड्याने घेऊन लडाखला जाऊ नका. आमचं पुढचं सगळं नुकसान त्या प्लेटपासूनच सुरू झालं.

इंदूरच्या एका भाडेवाल्याकडून रॉयल एनफिल्डच्या दोन हिमालयन बाइक घेतल्या, जुन्या 411 सीसीच्या. 18 दिवस, रोज 1,600 रुपये, वर गाडीमागे 10,000 अनामत. एमपी 09 म्हणजे इंदूरची नोंदणी, पांढरी प्लेट. खटकलं, विचारलं, तर भाडेवाल्याचं उत्तर आलं, ‘अरे भिया, कोई पूछे तो दोस्त की गाड़ी बोल देना.’ तिथूनच उठायला हवं होतं. स्वतः चालवायच्या भाडेगाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात. त्या धंद्याला 1997 च्या रेंट-अ-मोटरसायकल योजनेखाली परवाना लागतो. पांढऱ्या प्लेटची गाडी खासगी वापराची. ती भाड्यावर असताना अपघात झाला, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळतं.

लेहपर्यंत कुणी अडवत नाही. पुढे खारदुंग ला, नुब्रा, पँगाँगकडे मात्र स्थानिक भाडेवाल्यांची संघटना बाहेरच्या भाडेगाड्या जाऊ देत नाही, काळ्या प्लेटच्यासुद्धा. आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचं नाव आणि चालवणाऱ्याचं ओळखपत्र जुळवून पाहतात. ‘दोस्त’ तिथे चालत नाही. पाच दिवस लेहच्या गाड्या घेतल्या. इंदूरच्या दोन्ही हॉटेलच्या आवारात उभ्या, त्यांचं भाडं चालूच. गाडी कायदेशीर असली तरी लेहपुढचा हा खर्च आधीच वेगळा धरा.

खरी मेख गाडी ताब्यात घेतानाची. वेळ संध्याकाळची आणि गाड्या नुकत्याच धुतलेल्या. ओल्या रंगावर ओरखडे दिसत नाहीत, हे धुणाऱ्याला ठाऊक असतं. फडक्याने कोरडी करा, उजेडात न्या, मगच व्हिडिओ. सुरुवात नंबरप्लेट आणि किलोमीटरच्या आकड्यापासून, मध्ये कट न करता. रिमसाठी गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागे कुणाला तरी दाबून धरायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या फोर्कला टेकवून पेनाचं टोक रिमजवळ धरा आणि चाक फिरवा. फट कमी-जास्त झाली की रिमला पोचा आहे. चाक वर आहे तोवर हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडलच्या दांड्याचं बेअरिंग गेलं. चेन मागच्या स्प्रॉकेटवरून, म्हणजे दातेरी चक्रावरून मागे ओढा, अर्धा दाता उघडा पडला तर ती संपलेली. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचा: 1419 म्हणजे 2019 चा चौदावा आठवडा.

क्लच सपाट रस्त्यावर तपासता येतो. चौथ्या गिअरमध्ये 40 च्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर एकदम पिळा. आरपीएम उसळला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लचच्या प्लेटा घसरताहेत. हेही व्हिडिओत घ्या, कारण परतल्यावर पहिली वसुली क्लचचीच असते. आमच्या अनामतीतून क्लचप्लेटचे 5,200, रिमच्या पोच्याचे 3,800 आणि ‘गाडी गॅरेजमध्ये राहील’ म्हणून चार दिवसांचं भाडं 6,400 कापलं. 20,000 पैकी हातात आले 4,600. जळालेल्या क्लचच्या स्टील प्लेटांवर निळसर डाग पडतात, वास करपट येतो. भाडेवाल्याला त्या दाखवायच्या म्हटल्या तर पाच मिनिटांचं काम. काढलेल्या प्लेटा मागितल्या, गॅरेजचं बिलही मागितलं. काहीच मिळालं नाही.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर तक्रार करायची म्हणून सही केलेला कागद प्रथमच नीट वाचला. त्यात छापलं होतं: ‘वाहन मित्रास विनामोबदला वापरण्यास दिले आहे.’ पैसे यूपीआयने एका खासगी नावावर गेलेले, पावतीवर दुकानाचं नाव नाही. म्हणजे कागदोपत्री भाडं नावाची गोष्टच नव्हती. यूपीआयच्या शेऱ्यात ‘बाइक भाडं 18 दिवस, अनामत परत मिळणारी’ एवढं लिहिलं असतं तरी दाखवायला काहीतरी उरलं असतं.