अमेरिकेत मुदतीपेक्षा जास्त राहिलेल्यांनी जळगावच्या या व्हिसा ऑफिसात नक्की जा

4 स्टार, मनापासून. गोलाणी मार्केटजवळ जिना चढून छोटंसं ऑफिस आहे.

आई माझ्या भावाकडे न्यू जर्सीला गेली होती, तिथं पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर विमानात बसू देईनात आणि त्या धावपळीत मुदतवाढीचा आय-539 अर्ज तारखेच्या आत भरायचा राहूनच गेला. आता पासपोर्टवर व्हिसा दहा वर्षांचा दिसतो म्हणून आपले लोक निवांत असतात, पण तिथं कधीपर्यंत राहायचं ते आय-94 वर, म्हणजे तिथं उतरल्यावर होणाऱ्या प्रवेशाच्या नोंदीवर असतं, ती तारीख ओलांडली की तो व्हिसा आपोआप रद्द, शिक्का कितीही नवा दिसू दे. वर 180 दिवसांपेक्षा जास्त झाले तर 3 वर्षं बंदी, वर्ष उलटलं तर 10 वर्षं. आईचं 180 च्या आतच होतं, म्हणून बंदी नाही पण पुन्हा जायला नवा व्हिसा लागणार.

आधी एका एजंटकडे गेलो तर तो म्हणे डीएस-160 मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाईन अर्जात, जास्त राहिलात का विचारतात तिथं सरळ 'नो' टाका, कोणाला कळतंय! असा सल्ला पैसे घेऊन देतात याचा खरंच संताप येतो. या ऑफिसच्या भाऊंनी आधी आय-94 च्या साईटवर पासपोर्ट नंबर टाकून आईच्या येण्या-जाण्याची नोंदच समोर काढली, म्हणाले, "मावशी, हे सगळं त्यांच्याकडे आहेच, खोटं लिहिलं तर जन्माची बंदी लागू शकते." आई लगेच म्हणे, "मी खरंच सांगसू."

मग डिस्चार्ज पेपर, डॉक्टरचं प्रवास करू नका असं पत्र, पुढं ढकललेलं तिकीट, सगळं तारखेप्रमाणे लावलं, वर एका पानावर कधी काय झालं ते. मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीतला इंटरव्ह्यू मराठीतून झाला, साहेबानं मुद्दाम तेच विचारलं, पत्र वाचलं, व्हिसा दिला. भाऊंनी हेही बजावलं होतं की व्हिसा म्हणजे फक्त दारापर्यंतचं काम, आत सोडायचं की नाही ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, म्हणून फाईल हातातल्या बॅगेतच ठेवा. नेवार्क विमानतळावर आईला खरंच वेगळ्या खोलीत नेलं, तीच फाईल दाखवली आणि सोडलं. यावेळी आय-94 ची तारीख भावानं त्याच दिवशी बघून ठेवली.

एक स्टार कमी कारण दुपारी फोन उचलत नाहीत आणि फी टप्प्याटप्प्यानं सांगतात, पहिल्याच दिवशी सगळी लिहून घ्या.