घाटासाठी ब्रेक पॅड: सिरॅमिक की सेमी-मेटॅलिक?

केवळ शहरात फिरणाऱ्या मोटारीला सिरॅमिक पॅड अधिक योग्य ठरतात, कारण त्यांचा आवाज कमी होतो आणि चाकांवर काळी भुकटी फारशी साचत नाही. परंतु माणसे-सामान भरलेली गाडी घेऊन आंबोलीसारखा घाट वारंवार उतरायचा असेल, तर सुमारे ३० ते ६५ टक्के धातू असलेले सेमी-मेटॅलिक पॅडच मी निवडेन. ते उष्णता लवकर वाहून नेतात, मात्र डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती, जिला पॅड दाबून धरतात) अधिक झिजवतात आणि आवाजही करतात. सोबत भोके पाडलेली डिस्क घेऊ नये, कारण ती वारंवार तापल्याने भोकांच्या कडांना तडे जाऊ शकतात. साधी, आतून हवा खेळणारी डिस्क पुरेशी असते. ब्रेक ऑइलही त्याच वेळी बदलून घ्यावे, कारण त्यात ओलावा मुरला की ते कमी तापमानालाच उकळते.